सीलबंद सूप

"त्यात नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय मी ते सुपात घालणार नाही," असं निरीक्षकांनी ठणकावून सांगितलं तेव्हा अकरा योद्धे वाट्या घेऊन चुलीभोवती उभे होते, शत्रू किल्ल्याच्या दाराशी येऊन ठेपला होता, आणि स्वतः निरीक्षक बनियनवर, जेवणाच्या टेबलाशी, लेकीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसले होते.

चूल खोटी होती, किल्ला खोटा होता, आणि शत्रू म्हणजे कुठल्या तरी दूरच्या गावात आपापल्या घरी बसलेली माणसं होती. नकार मात्र अगदी खरा होता. निरीक्षकांनी एकतीस वर्षं अन्न तपासणी खात्यात काढली होती. दुधातलं पाणी, मधातली साखर, मिरीतल्या पपईच्या बिया, काय काय म्हणून त्यांनी पकडलं नव्हतं! एका बेकरीवाल्याने पावात घातलेल्या एका पांढऱ्या पुडीसाठी त्यांनी नऊ वर्षं खटला चालवला होता आणि शेवटी ती पूड निरुपद्रवी निघाली तरी त्यांना वाईट वाटलं नव्हतं, कारण पाकिटावर तिचं नाव लिहिलेलं नव्हतं हे सत्य उरतंच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी इमारतीत त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. बायकोही तिऱ्हाइतापुढे म्हणे, "आमचे निरीक्षक झोपलेत."

आणि इथे त्यांचा जावई लॅपटॉपमधून सांगत होता, "बाबा, सोनपूड टाकता का जरा? चिमूटभर. म्हणजे, तुम्हाला योग्य वाटलं तर."

सोनपूड हे त्या ऑनलाइन खेळातलं अ‍ॅडिटिव्ह. साधं सूप प्यायलं की योद्ध्याला दहा मिनिटं बळ येतं. सोनपूड घातली की तेच बळ चाळीस मिनिटं टिकतं. असंच एक निळं मीठ होतं, त्याने जखमा भरत. आणि एक तिखट राख होती, तिने तलवारीचा घाव जोरात बसे. सगळे स्वयंपाकी घालत. निरीक्षकांनी सोनपुडीच्या डबीवर माऊस नेला तर खाली वर्णन आलं, "प्राचीन पर्वतातली गूढ पूड." घटकांच्या जागी काही नाही. तयार केल्याची तारीख नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. गूढ म्हणे!

"ही भेसळ आहे," निरीक्षक म्हणाले.

"बाबा, ते अ‍ॅडिटिव्ह आहे," लेकीचा आवाज आला.

"मग तसं लिहायला काय होतं त्यांना?"

त्या रविवारी योद्धे साधं सूप पिऊन लढले. दहाव्या मिनिटापर्यंत वाघासारखे लढले आणि अकराव्या मिनिटाला आडवे झाले. टोळीत 'वादळ' या नावाने वावरणारा एक जण होता, जो एरवी दातांचा डॉक्टर होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "या आजोबांना घेतलं कुणी टोळीत?"

"ते माझे सासरे आहेत," जावई म्हणाला. जावई टोळीचा प्रमुख होता.

"नमस्कार काका," वादळ म्हणाला.

आता हे सासरे तिथे पोचले कसे, ते सांगायलाच हवं. लेक चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात नोकरीला गेली, तिथेच तिचं लग्न झालं. नवराबायको दर रविवारी चार ते सहा आपल्या मित्रमंडळींबरोबर हा खेळ खेळायचे. मध्ये सुट्टीला ती घरी आली होती तेव्हा याच टेबलाशी बसून खेळली. निरीक्षक मागे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून बसले होते. आणि त्यांनी ऐकलं, लेक दोन तास बोलत होती. हसत होती, भांडत होती, वरच्या साहेबांची नक्कल करत होती, घरमालकाच्या कुत्र्याची गोष्ट सांगत होती. हीच लेक फोनवर दीड मिनिटात संपायची! निरीक्षकांना तिच्या टोळीचा असा हेवा वाटला की पेपर उलटा धरलाय हे बायकोने सांगेपर्यंत कळलं नाही.

लेक परत गेल्यावर त्यांनी जावयाला फोन करून सांगितलं, "मलाही घ्या." कारण विचारल्यावर म्हणाले, "मेंदूला व्यायाम." खरं सांगायचं तर त्यांना किल्ल्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना आठवड्यातून दोन तास लेकीचा आवाज हवा होता. पण असं कुणी जावयाला सांगतं का? माणसाला काही मान आहे की नाही?

नाव नोंदवताना त्यांनी रीतसर 'निवृत्त अन्न निरीक्षक, वर्ग दोन' असं लिहिलं. खेळाने त्यातली जेमतेम निम्मी अक्षरं घेतली, त्यामुळे त्यांच्या डोक्यावर कायम 'निवृत्त अन्न निरी' अशी पाटी तरंगत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी तलवारीने आपल्याच दोन माणसांना जखमी केलं. तेव्हा जावई अतिशय अदबीने म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वयंपाक बघाल का? जबाबदारीचं काम आहे, कुणालाही देता येत नाही." हे ऐकून आतल्या खोलीत बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. चौतीस वर्षांच्या संसारात निरीक्षकांनी पाणी उकळण्यापलीकडे मजल मारली नव्हती, आणि तेही एकदा पातेलं जळालं होतं.

तर असा हा पहिला पराभव. सोमवारी सकाळी बातमी इमारतभर झाली, कारण बायकोने ती जिन्यात सांगितली. दुपारी समोरच्या घरातले औषधवाले आले. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं आणि डॉक्टरकी थोडक्यात हुकल्याची खंत ते रोज कुणावर तरी भरून काढत.

"निरीक्षक, प्रश्न घालायचं की नाही हा नाहीच. प्रश्न मात्रेचा आहे. मात्रेत दिलं तर विषसुद्धा औषध. योद्ध्यांचं वजन किती?"

"ते दाखवत नाहीत."

"मग अवघड आहे. वय तरी?"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्याही निवृत्त, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांचं म्हणणं पडलं की चूक सुपात नसून टोळीतच आहे. "शिस्त नाही. वाटी घेऊन चुलीभोवती गर्दी काय करतात? रांग लावा आधी. आणि सगळ्यांना सारखं द्या, एकाला जास्त दिलंत की दुसरा तक्रार करतो." दोघांनी चहा घेतला, लॅपटॉपमध्ये डोकावून किल्ला पाहिला, त्याला भिंती कमी आहेत यावर दोघांचं एकमत झालं, आणि पुढच्या रविवारी यायचं त्यांनी आपणहून ठरवून टाकलं.

निरीक्षकांनी मात्र रीतीचा मार्ग धरला. त्यांनी खेळाच्या मदत कक्षाला पत्र लिहिलं. "विषय: सोनपूड या पदार्थातील घटकांची माहिती मिळणेबाबत. संदर्भ: रविवारचा पराभव. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." दीड पान झालं. पाठवल्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं, "तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तुम्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला का?"

निरीक्षकांनी संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला आणि कळवलं, "केला. घटक अद्याप कळलेले नाहीत." त्यावर त्यांना चौदा आकडी तक्रार क्रमांक मिळाला, आणि पाठोपाठ तिसरं पत्र आलं, की तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. निरीक्षक रागावतील असं बायकोला वाटलं होतं. पण ते जरा भारावूनच गेले. त्यांच्या खात्याला या उत्तरापर्यंत यायला आठ महिने लागत.

आता स्वतः तपासणी करण्यावाचून इलाज नव्हता. रोज सकाळी दहा ते एक निरीक्षक चुलीशी बसू लागले. एक भांडं सूप, त्यात एक चिमूट सोनपूड, वाटीभर किल्ल्यातल्या कोंबड्यांना, शेजारी वहीत नोंद. आणि प्रत्येक भांड्यातून तीन नमुने बाजूला. एकतीस वर्षांची सवय ती! एक प्रयोगशाळेसाठी, एक आरोपीसाठी, एक न्यायालयासाठी. इथे प्रयोगशाळाही तेच, आरोपीही तेच आणि न्यायालय कुठे आहे याचा पत्ता नव्हता, पण म्हणून काय नमुने दोनवर आणायचे? नमुने सीलबंद करायची सोय खेळात नव्हती. शोधता शोधता त्यांना 'भेट म्हणून बांधा' असं एक बटण सापडलं. त्यात रंगीत कागद, फीत आणि वर चिठ्ठी लिहायची सोय होती. त्यांनी प्रत्येक वाटी बांधली, चिठ्ठीवर तारीख, भांडं क्रमांक आणि सही घातली आणि टोळीच्या कोठारात नीट ओळीने ठेवून दिली.

सोनपूड एक चिमूट घातली तर काहीही अपाय होत नाही, असा निष्कर्ष चोपन्नाव्या भांड्याला हाती आला. ते समाधानाने मागे टेकले, आणि समोरचा पडदा लाल झाला.

"तुमच्या हालचाली अतिशय नियमित आहेत. तुम्ही यंत्र असल्याचा संशय आहे. खातं गोठवण्यात आलं आहे."

झालं होतं असं, की निरीक्षक दर भांडं बरोबर तीन मिनिटांनी उतरवत. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर लाच घेतल्याचा आरोप झाला नव्हता, उशिरा आल्याचा झाला नव्हता, आणि आता कुणीतरी म्हणत होतं की ते माणूसच नाहीत! आपण मनुष्य आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांना नऊ चित्रांतून पूल असलेली चित्रं निवडायची होती. त्यांपैकी एका चित्रात गटारावर आडवी टाकलेली फळी होती.

"हा पूल म्हणायचा का?" त्यांनी मदतीला बोलावलेल्या दोन्ही शेजाऱ्यांना विचारलं.

"त्यावरून माणूस पलीकडे जातो ना? मग पूल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"अहो, उद्या तुम्ही टेबलालाही पूल म्हणाल," औषधवाले म्हणाले.

तीन वेळा प्रयत्न झाला, एकदा बाईंच्या मताने, एकदा औषधवाल्यांच्या आणि एकदा स्वतंत्र बुद्धीने. तिन्ही वेळा निरीक्षक यंत्रच ठरले. शेवटी बायको पदराला हात पुसत आली, "सरका," म्हणाली, टक टक चार चित्रं दाबली आणि खातं उघडलं. म्हणजे दप्तरी नोंद पाहिली तर त्या घरात माणूस म्हणून तीच सिद्ध झाली होती. निरीक्षकांना हे लागलं, पण चोपन्नाव्या भांड्याचे नमुने बांधायचे राहिले होते म्हणून ते पुन्हा चुलीशी बसले.

शनिवारी संध्याकाळी लेक खेळात त्यांना भेटायला आली. म्हणजे तिची घोडेस्वार बाहुली येऊन चुलीजवळ उभी राहिली. घोडा उगीचच पाय आपटत होता.

"बाबा, उद्याचा किल्ला मोठा आहे. वर्षभर वाट बघतोय आम्ही."

"कल्पना आहे मला."

"टोळीतली बाकीची म्हणतायत, दुसरा स्वयंपाकी आणू. तुमच्या जावयाला तुमच्याशी बोलायला संकोच वाटतो, म्हणून मला पाठवलंय. उद्या साधं सूप झालं ना, तर मग त्याच्याही हातात काही राहणार नाही."

चूल गेल्याचं त्यांना काही नव्हतं. पण चूल गेली म्हणजे रविवार गेला, चार ते सहा गेले, घरमालकाचं कुत्रं गेलं, आणि परत ते दीड मिनिट.

"चाचण्या पूर्ण झाल्या आहेत," ते घसा साफ करून म्हणाले. "सोनपूड एक चिमूट मंजूर आहे."

"बाबा! खरंच?" लेक इतकी खूश झाली की घोडा दोन पायांवर उभा राहिला.

रविवारी पावणेचारलाच सगळे जमले. निरीक्षकांच्या खुर्चीमागे उजवीकडे औषधवाले, डावीकडे मुख्याध्यापिकाबाई, आणि मागे दारात बायको, "मी फक्त बघणार आहे," असं आधीच जाहीर करून. किल्ल्यात योद्धे बाण, भाले, दगड घेऊन आले होते. हे सगळं आधी कोठारात ठेवायचं, मग लढाई.

"कोठार उघडत नाहीये," जावई म्हणाला. "नाही, उघडलं. पण भरलंय. कशाने भरलंय?"

"भेटवस्तू आहेत," वादळ म्हणाला. "एक, दोन... अरे, एकशे बासष्ट भेटवस्तू आहेत! कुणाचा वाढदिवस आहे का?"

"हात लावू नका," निरीक्षक ओरडले. "ते नमुने आहेत!"

पण तोवर वादळाने एक फीत सोडली होती. "सूप आहे," तो म्हणाला आणि प्यायला.

"पुरावा प्यायलात तुम्ही! भांडं क्रमांक सतरा, न्यायालयाची प्रत!"

जावई पहिल्यांदाच समोर सासरे आहेत हे विसरला. "बाबा, बाण कुठे ठेवू मी? सांगा ना, बाण कुठे ठेवू?" त्याचा आवाज चिरकला होता. मग अकरा योद्ध्यांनी मिळून एकशे एकसष्ट सीलबंद वाट्या कोठारातून काढून तटावरून खंदकात फेकल्या. एकेक वाटी बुडताना छोटासा 'डुबुक' असा आवाज येई. निरीक्षकांनी डोळे मिटून घेतले. आवाज तरीही ऐकू येत होता.

या सगळ्यात तेरा मिनिटं गेली. शत्रूचं शिंग वाजलं तेव्हा चूलही पेटलेली नव्हती.

"काका, सूप!" वादळ ओरडला. "आणि नुसतं टिकाऊ नको, जोर पण पाहिजे!"

"जखमा पण भरायला हव्यात," दुसरं कुणीतरी म्हणालं.

निरीक्षकांनी सोनपुडीची चिमूट उचलली. बाकी दोन डब्या शेजारीच होत्या. त्या एकत्र घालण्याची चाचणी झालेली नव्हती. वहीत त्याला पानच नव्हतं.

"एका औषधाने भागत नसेल तर जोडीला दुसरं द्यायचं," औषधवाले कानाशी म्हणाले. "आम्ही रोज देतो."

"सगळ्यांना सारखं द्या," बाई म्हणाल्या. "आणि रांग!"

"अहो, चिमटीत धरून काय बसलाय? घाला की अंदाजाने," फक्त बघणारी बायको म्हणाली. "मी कधी मोजून घालते का?"

आणि मग लॅपटॉपमधून लेकीचा आवाज आला, "बाबा, लवकर ना!"

एकतीस वर्षांत निरीक्षकांना कुणी घाबरवू शकलं नव्हतं. बेकरीवाल्याने माणसं पाठवली होती तरी ते डगमगले नव्हते. पण लेकीच्या त्या "लवकर ना"पुढे ते वही मिटून मोकळे झाले. त्यांनी सोनपूड घातली, निळं मीठ घातलं, राख घातली, आणि कुणाला काही कमी पडू नये म्हणून तिन्ही पुन्हा एकदा घातली. सुपाचा रंग जांभळा झाला. अकरा योद्ध्यांनी, बाईंच्या समाधानासाठी रांगेत, ते सूप घटाघटा प्यायलं आणि तलवारी उपसून दाराकडे धावले.

दार उघडलं. पहिला योद्धा उंबऱ्यावर थबकला, त्याने एक जांभई दिली आणि तो आडवा झाला. त्याच्यावर दुसरा. मग लेक घोड्यावरून घसरली, आणि मग घोडाही. अर्ध्या मिनिटात अकराच्या अकरा दारात पसरून घोरू लागले. अकरा पडद्यांवर एकच ओळ उमटली: "तुम्ही गाढ झोपला आहात. उरलेला वेळ: ३९ मिनिटं."

सोनपुडीने आपलं काम चोख केलं होतं. झोप पूर्ण चाळीस मिनिटं टिकणार होती.

जागे होते ते एकटे निरीक्षक, कारण तपासनिसाने नमुना चाखायचा नसतो. शत्रूचे तीसेक सैनिक दारात आले. समोर झोपलेल्यांचा ढीग आणि त्यापलीकडे एक म्हातारा, हातात पळी, डोक्यावर 'निवृत्त अन्न निरी'. पळून जाणं शक्य होतं. मागचं दार उघडंच होतं. पण ढिगात त्यांची लेक होती. खेळातली का होईना, लेक ती लेक. निरीक्षक ढीग ओलांडून पुढे आले, पळी वर केली आणि त्यांना येत असलेलं एकच वाक्य त्यांनी टाइप केलं.

"थांबा. परवाना दाखवा."

शत्रू थांबला. कुठलाही शत्रू थांबला असता. तीस सैनिक पुरतं अर्धं मिनिट एकमेकांकडे बघत उभे राहिले. त्यांतल्या एकाने तर आपली पिशवीही चाचपली. मग त्यांनी निरीक्षकांना एका घावात लोळवलं, झोपलेल्यांना अलगद ओलांडलं आणि किल्ल्यावर आपलं निशाण लावलं.

त्यानंतर अकरा जणांना छत्तीस मिनिटं बोलण्यावाचून दुसरं काम उरलं नाही. आणि ते बोलले. वादळ काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. औषधवाले म्हणाले, "दुकान उघडायची वेळ झाली," बाईंना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं, आणि खुर्चीमागची जागा मोकळी झाली. बायको मात्र दारातून आत आली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

निरीक्षकांनी वही उघडली, एक कोरं पान काढलं आणि दहा मिनिटं लिहिलं. मग माइकजवळ तोंड नेऊन ते वाचू लागले.

"पंचनामा. आज रविवार रोजी किल्ल्याच्या मुख्य दाराशी अकरा इसम झोपलेल्या अवस्थेत आढळून आले. सदर इसमांनी आरोपीच्या हातचं सूप प्राशन केलं होतं. सुपात तीन प्रकारची अ‍ॅडिटिव्ह, चाचणी न करता, दुप्पट मात्रेत मिसळल्याचं आरोपीने कबूल केलं. भांड्यावर लेबल नव्हतं. आरोपी, निवृत्त अन्न निरी, याने एकतीस वर्षं इतरांना याच गुन्ह्यासाठी कोर्टात उभं केलं असल्याने त्याला अज्ञानाचा फायदा देता येत नाही. नमुने: उपलब्ध नाहीत. पैकी एक टोळीचे सदस्य वादळ यांनी प्राशन केला, उरलेले खंदकात. मासे जिवंत असल्यास त्यांचा जबाब घ्यावा. शिफारस: आरोपीला स्वयंपाकी या पदावरून आजच्या आज कमी करण्यात यावं."

पहिला फुटला तो वादळ. "माशांचा जबाब," असं म्हणून तो जो हसत सुटला त्याला पुढे बोलताच येईना. मग एकेक करून सगळेच. आणि त्या सगळ्यांच्या वर निरीक्षकांना लेक ऐकू आली. ती लहानपणी हसायची तशी हसत होती, शेवटी उचकी लागेपर्यंत. जावई म्हणाला, "बाबा, ते परवान्याचं... मी झोपलो होतो हो, पण पडद्यावर सगळं दिसत होतं," आणि त्याचाही धीर सुटला. निरीक्षकांच्या बायकोने डोळ्याला पदर लावला होता, तो हसण्याने की कशाने ते त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

"शिफारशीचं काय?" निरीक्षकांनी विचारलं.

"मंजूर काका," वादळ उचक्यांमधून म्हणाला. "माणूस झकास आहात तुम्ही, पण मंजूर."

असा निरीक्षकांचा रविवार गेला. तासाभराने फोन वाजला. लेक होती.

"बाबा, चिडलात का?"

"छे. निकाल योग्यच आहे."

"मग आवाज का असा?"

निरीक्षकांनी लॅपटॉपचं झाकण लावलं. मग अपराध कबूल करायचा दिवसच आहे तर होऊन जाऊ दे, असं वाटून ते म्हणाले, "मेंदूचा व्यायाम वगैरे काही नव्हतं. तू तिथे दोन तास बोलतेस. फोनवर तुला दीड मिनिटाच्या वर वेळ नसतो. म्हणून आलो होतो मी."

"मला वेळ नसतो?" लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही 'जेवलीस का' विचारता, मी 'हो' म्हणते, की लगेच तुम्ही म्हणता, 'थांब, आईला देतो.' चार वर्षं झाली. मला वाटायचं, तुम्हाला फोनवर बोलायला आवडत नाही. पुढचं सगळं आईलाच सांगत राहिले मी."

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने होकारार्थी मान हलवली. म्हणजे कुत्र्याच्या सगळ्या गोष्टी तिला केव्हाच्या ठाऊक होत्या. साक्षीदार इतका जवळ असताना त्यांनी चार वर्षांत त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बरोबर चारला फोन वाजला. जावई एकटाच लढाईवर गेला होता. निरीक्षकांनी विचारलं, "जेवलीस का?" लेक म्हणाली, "हो." बायकोने सवयीने फोनसाठी हात पुढे केला. निरीक्षकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि एकदम ते म्हणाले, "अगं, तो औषधवाला. परवा काय झालं माहितीये?" आणि सुरू झाले. औषधवाल्यावरून ते मुख्याध्यापिकाबाईंवर आले, तिथून गटारावरच्या फळीवर, तिथून थेट बेकरीवाल्याच्या खटल्यावर, आणि लेक मध्ये मध्ये "मग?" म्हणत राहिली. साडेपाच वाजून गेले. बायको अजून तशीच शेजारी बसून होती.

"बाबा, आता आईला द्या ना जरा," लेक म्हणाली.

"देतो," निरीक्षक म्हणाले. "आधी माझं होऊ दे."